वहिनीच्या हातचा शेवयांचा उपमा

चाकणच्या एका कंपनीत मी तपासणीला आहे. गाड्यांचे छोटे भाग हातात घ्यायचे, उजेडाखाली फिरवायचे, ओरखडा दिसला की बाजूला टाकायचे. सुट्टी गुरुवारची. त्या दिवशी नवऱ्याचा डबा भरून दिला की मी काळेवाडीला माहेरी जाते. तिथे आई, दादा आणि वहिनी राहतात.

आम्ही मूळचे बीडकडचे, पण वाढलो काळेवाडीत. मी आणि दादा शाळेत असताना आई घरी बसून रबराच्या भागांच्या कडा कात्रीने कापून द्यायची. पोत्यानं माल यायचा, आणि ज्या दिवशी तो परत द्यायचा असे त्या दिवशी स्वयंपाकाला सवड नसायची. मग ती शेवयांचा तिखट उपमा करायची. शेवया भाजल्याचा वास यायला लागला की मी ओट्यापाशी जाऊन उभी राहायची, आणि आई म्हणायची, "सर बाजूला. पुस्तक घे." मी सरायची. त्यामुळे तो उपमा मी पोटभर खाल्ला, पण केला कधीच नाही. तो आईचा होता आणि आईच्या घरी गेलं की मिळायचा, एवढंच मला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी एका गुरुवारी गेले तर आई पलंगावर पाय पसरून बसलेली आणि ओट्यापाशी वहिनी. वहिनी चिपळूणची. तिच्या हातात नारळ शोभतो, म्हणून मी तिच्याकडून फार अपेक्षा ठेवली नव्हती. तिनं बशी पुढे केली. शेवया तांबूस, एकेक सुटी, दाणे तळलेले पण करपले नाहीत, वरून लिंबू. पहिला घास घेतला. तो आईचाच उपमा होता.

"कसा झालाय ताई?" वहिनीनं विचारलं.

"बरा आहे," मी म्हणाले.

दादा तिकडून म्हणाला, "बरा काय? डोळे मिटून खाल्ला तर आईचा आणि हिचा ओळखता येत नाही."

त्यावर आईनं जे म्हटलं ते मला जास्त लागलं. "माझ्या हाताला आता कुठं चव राह्यली? तीच चांगला करती."

बसमध्ये मी खिडकीशी बसून सगळं पुन्हा पुन्हा घोळवत होते. लेक मी, आणि आईच्या हातची चव गेली कुणाकडे तर वहिनीकडे. आईची जुनी साडी तिनं मागितली असती तरी मला इतकं वाटलं नसतं. आईनं तिला पाटल्या दिल्या असत्या तरी नाही. चाकणच्या तळेगाव चौकात नेहमीप्रमाणे गाड्या अडकून पडल्या होत्या आणि मी मनातल्या मनात वहिनीचे दोष शोधत होते. एकही धड सापडेना, त्याचाही राग आला.

घरी गेल्यावर मी लगेच शेवयांचा पुडा आणला. सोपा तर पदार्थ. फोडणी दिली, कांदा परतला, शेवया टाकल्या, पाणी ओतलं. झाकण काढलं तेव्हा आत एक लगदा होता. नवरा गुपचूप खात होता. "बोल की काहीतरी," मी म्हणाले. "लोणचं आहे का?" त्यानं विचारलं.

मी आईला फोन लावला. "आई, पाणी किती घालायचं गं उपम्याला?"

"थांब, तिला देते. तिच्या ध्यानात ऱ्हातंय सगळं."

"मी तुला विचारतेय आई."

पण फोन वहिनीच्या हातात गेला होता. ती नीट सांगायला लागली, "ताई, पाणी आधी उकळून घ्या हं, गार नको." मी "इकडे आवाज येत नाहीये" म्हणून फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

पुढच्या गुरुवारी गेल्या गेल्या मी पदर खोचला आणि ओट्यापाशी गेले. वहिनी कांदा चिरत होती.

"मी करते आज," मी म्हणाले.

"आगं, तू काय करायलीस तिथं?" आई पलंगावरून म्हणाली. "बस की. चार घटकेची पाहुणी तू."

पाहुणी! मी हातात घेतलेली कढई खाली ठेवली. "पाहुणीच केलंस तू मला. तिला सगळं शिकवलंस. मला कधी ओट्याजवळ उभं तरी केलंस का?"

वहिनीनं सुरी ठेवली आणि ती कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. बादलीत कपडे नव्हते.

आई जराही चिडली नाही. म्हणाली, "म्या न्हाई शिकवलं तिला. ती बसती माझ्यापाशी. दुपारची दोघीच असतो आमी, मी बोलते, ती ऐकती. त्यातच शिकली. तू येतीस, जेवतीस, फोन बघतीस, आन् बसची वेळ झाली म्हणतीस."

ते खरं होतं. खरं असलं तरी मला ते वहिनीच्या बाजूनं बोलल्यासारखंच वाटलं. मी म्हणाले, "मग चल माझ्याकडे. तिथं बस माझ्यापाशी."

आई येईल असं मला वाटलं नव्हतं, पण ती पिशवी भरून आली. मी कंपनीत सुट्टी टाकली. पहिल्या दिवशी तिनं माझी कढई उचलून बघितली आणि म्हणाली, "ही पातळ हाय. आपल्याकडं जाड हाय." आपल्याकडं म्हणजे काळेवाडीला. मी ऐकून घेतलं. ती स्टूल घेऊन ओट्याशेजारी बसली आणि मी शेवया भाजायला घेतल्या. तिनं एकदाच माझा हात धरला. "घाई करू नको. रंग येऊ दे." मग शेजारच्या पातेल्यातलं उकळतं पाणी थोडं थोडं घालायला लावलं, आणि झाकण ठेवल्यावर मी ते उचलायला गेले तर हातावर चापट मारली. झाकण ठेवून वाट बघता बघता ती गावाकडच्या उन्हाळ्यातल्या शेवयांच्या गोष्टी सांगत होती. त्या गोष्टी मी पहिल्यांदाच ऐकत होते. वहिनीला त्या पाठ असणार, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

उपमा सुटा झाला. वहिनीसारखा नाही, पण सुटा. आईनं दोनदा घेतला. मी खूष होऊन कढई घासायला घेतली, तर तिनं फोन लावला होता, स्पीकरवर.

"आगं, हिनं केला आज. जमला की गं."

पलीकडून वहिनी म्हणाली, "हो का? छान." मग हळूच, "तुम्ही कधी येताय पण आई? तिकडेच राहणार का आता?"

तो सूर मला अगदी ओळखीचा होता. त्या पहिल्या गुरुवारी मी तोच घेऊन बसमध्ये बसले होते. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला इतकं बरं वाटलं की मी नळ बंद करून मोठ्यानं म्हणाले, "राहू दे गं वहिनी, आई अजून आठवडाभर इथंच आहे!"

आईनं माझ्याकडे बघितलं आणि फोन ठेवला. आणि ती खरोखरच आठवडाभर राहिली.