केसरच्या घराचं गहाणखत

थळच्या कोळीवाड्यात नीराबाई आणि केसर या दोघी विधवा अठरा वर्षं एकाच वलांडीवर बोंबील वाळत घालत होत्या. नीराबाईला एक मुलगा होता, काळूराम. केसरला मूलबाळ नव्हतं. काळूरामला तिनंही खांद्यावर खेळवलं होतं.

१९२७ साली केसरच्या भाड्याच्या घराचा मालक मुंबईला निघाला. म्हणाला, "तीनशे देशील तर घर तुझं. नाहीतर दिवाळीला मोकळं कर."

केसरजवळ एकशेवीस होते. पतपेढीत गेली, तर त्यांनी तारण म्हणून जमीन मागितली. अलिबागचा व्यापारी लगेच तयार झाला, पण मुदत-खरेदीवर. म्हणजे घर आधी त्याच्या नावावर, आणि पैसे फेडायला एक दिवस जरी उशीर झाला तर कायमचं त्याचं.

नीराबाईनं हे ऐकलं आणि पेटीतल्या सोन्याच्या पाटल्या मोडल्या. "हे एकशेऐंशी. व्याजबिज काय न्हाय. दरसाल जमतील तसे दे."

"कागद करू," केसर म्हणाली. "मी उद्या मेले तर तुझे पैसे बुडायला नकोत."

अलिबागच्या कचेरीत गहाणखत झालं. काळूराम तेव्हा वीस वर्षांचा होता. तो म्हणाला, "आये, तुला वाचता येत न्हाय. कागद माझ्या नावावर कर." नीराबाईला त्यात वावगं वाटलं नाही.

केसरनं सहा वर्षं तीस-तीस रुपये आणून नीराबाईच्या ओंजळीत ठेवले. पावती कधी मागितली नाही. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी तिनं गूळ वाटला आणि कागद परत मागितला.

"अलिबागला जाऊन रद्द करून आणतो," काळूराम म्हणाला.

तो आज जाईन, उद्या जाईन करत राहिला. त्याला नव्या होडीत भागी घ्यायची होती आणि हाताशी पैसा नव्हता. पुढच्या वर्षी त्यानं दावा लावला की गहाणाचा एक पैसाही फिटलेला नाही.

नीराबाईनं डोकं आपटून घेतलं. "मी सांगीन कोर्टात! सगळं सांगीन!"

"सांग," काळूराम म्हणाला. "शपथेवर खोटं बोललो म्हणून मला बेड्या पडतील. मग माझी दोन पोरं तू पोस."

केसरनं साक्षीला एकच नाव दिलं होतं, नीराबाईचं. ती पिंजऱ्यात उभी राहिली. वकिलानं विचारलं, "केसरनं तुमच्या हातात पैसे दिले का?" समोरच्या बाकावर केसर निर्धास्त बसली होती, मैत्रीण आलीय म्हटल्यावर तिला कसली काळजी?

नीराबाईनं मुलाकडे पाहिलं.

"मला आठवत न्हाय," ती म्हणाली.

केसर रडली नाही, भांडली नाही. घराचा ताबा घ्यायला बेलीफ आला तेव्हा तिनं आपली चूल स्वतः उचलून बाहेर ठेवली आणि आगरदांड्याला भावाच्या पडवीत राहायला गेली.

वर्षभरानं नीराबाई गळ्यातलं उरलेलं सोनं मोडून आगरदांड्याला गेली. केसर जाळं दुरुस्त करत होती. तिनं तांब्याभर पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही.

"तीनशे आणलेत," नीराबाई म्हणाली. "दुसरं घर घे, बाय."

"पैसे घेऊन जा."

"पोर होतं गं माझं. काय करणार होते मी?"

केसरचे हात थांबले. "ते कळतंय मला. तुझ्या जागी मीपण कदाचित तेच बोलले असते. पण म्हणून मला तुझ्याजवळ बसवत न्हाय, नीरे." आणि ती पुन्हा जाळ्याकडे वळली.

नीराबाई पुढं दोनदा गेली. दोन्ही वेळा केसर घरात असून बाहेर आली नाही.

१९३८ साली केसर वारली. आठ दिवसांनी बाजारात कुणीतरी बोलता बोलता ते नीराबाईला सांगितलं. तिनं पाटी तिथंच खाली ठेवली आणि भर बाजारात मोठ्यानं रडायला लागली. भोवतालच्या बायका विचारत राहिल्या, "कोण होती तुझी?"