चार बोटांची दुमड

सरकारी निविदा वाचायला मी रागाने शिकले. कोणी गोडीगुलाबीने शिकवायला आलं असतं, तर बहुधा अर्धवटच शिकले असते.

देवळाली कॅम्पात बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं शिवणकामाचं वर्कशॉप आहे. सासऱ्यांनी जवानांचे कपडे मापात बसवून द्यायचं काम सुरू केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा तीन मशिनी होत्या, कारभार माझ्या हाती आला तोवर चौदा झाल्या. मुख्य काम शाळेच्या गणवेशांचं. पूर्वी ते सोपं होतं. पेठ-सुरगाण्याकडचे मुख्याध्यापक एसटीने यायचे, कापड चिमटीत धरून बघायचे, चहा प्यायचे आणि काम देऊन जायचे. मग एका वर्षी नियम बदलला. शाळांनी स्वतः काही घ्यायचं नाही, सगळ्या जिल्ह्याला मिळून एकच निविदा, आणि तीही ऑनलाइन.

आमच्या गल्लीतल्या दोन शिंप्यांनी त्याच दिवशी हात टेकले. हे मोठ्यांचे खेळ आहेत, आपण आपलं पिको-फॉल बघावं, असा सल्ला मलाही मिळाला. मला सल्ले पचत नाहीत. मी डिजिटल सही काढून घेतली, लघुउद्योगाची नोंदणी केली. त्या नोंदणीमुळे बयाणा रक्कम भरावी लागत नाही हे कळलं, तेव्हा तर आपण मैदान मारलंच असं मला वाटलं.

आमचे कटिंग मास्टर सासऱ्यांच्या वेळचे. मूळचे मालेगावचे, विणकरांच्या घरातले, पण त्यांनी मागाऐवजी कात्री धरली. बोलणं मोजकं. निविदा भरायच्या आठवड्यात त्यांनी मला एकदाच विचारलं, त्या कागदात शिलाईचं काही लिहिलंय का. मी म्हणाले, कागद मी बघते, तुम्ही कापड बघा. तेव्हा मला हे बोलणं फार कर्तबगारीचं वाटलं होतं.

निविदेसोबत एक नमुना द्यायचा होता, पांढरा शर्ट आणि निळा स्कर्ट. मास्टरांनी तो स्वतः शिवला. स्कर्टच्या खालच्या कडेला चार बोटं कापड आत दुमडलं, जन्मभर दुमडत आले तसंच. पोरगी वाढते, आई दुमड उसवते, स्कर्ट आणखी एक वर्ष जातो. आमच्याकडे त्याला कोणी जास्तीचं कापड म्हणत नाही. लहान मुलीचा स्कर्ट असाच असतो. निविदेत मात्र दुमड एक इंच लिहिली होती. गंमत म्हणजे ते मी वाचलं होतं. कागदावरचा इंच आणि आमच्या स्कर्टातली चार बोटं यांची माझ्या डोक्यात गाठच पडली नाही.

नमुना नापास झाला. शिक्का मारलेलं लेबल लटकवून स्कर्ट परत आला, आणि मी सगळ्या बायकांसमोर मास्टरांवर तोंड सोडलं. तुमच्या सवयीपायी चौदा घरांचं काम गेलं, असं म्हणाले. त्यांनी कात्री कापडात गुंडाळली. पोरगा कधीचा बोलावतोय, शुक्रवारी मालेगावला जातो, एवढं सांगून ते गेले. जाताना तो नापास स्कर्ट घडी घालून सोबत नेला. मी तेही बघितलं आणि थांबवलं नाही.

त्या वर्षी आठ मशिनींवर कापड टाकून ठेवलं. बायका टेम्पोने पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसवर जायला लागल्या. त्यांना अडवायला माझ्याकडे काम नव्हतं. आणखी एक वर्ष असं गेलं असतं तर मशिनी विकून मी खरंच पिको-फॉल करत बसले असते. एका दुपारी, रिकाम्या वर्कशॉपमध्ये, मी ती जुनी निविदा पहिल्यापासून वाचायला घेतली. तेव्हा राग हळूहळू मास्टरांवरून माझ्यावर आला. त्यांनी विचारलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

पुढची निविदा निघाली ती पुन्हा बदललेली. जिल्हाभर एकालाच काम न देता तालुक्यांचे गट पाडले होते. आमच्यासारख्यांनी बरीच बोंब मारली असणार. आत एक ओळ होती, की निविदा भरण्याआधी एक बैठक होईल आणि ज्याला शंका असेल त्याने ती लेखी मांडावी. अशा बैठकीला लहान माणूस जात नाही. आपल्याला काय विचारतील, या भीतीने.

मी प्रिंट काढली आणि मालेगावची एसटी धरली. मास्टर ओट्यावर बसले होते. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "चूक माझी होती, मास्टर. कागद मी एकटीने वाचला. या वेळी दोघं वाचू." त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला, आणि मला हायसं वाटलं.

मी एकेक ओळ इंग्रजीतून मराठीत करून सांगत होते, ते डोळे मिटून ऐकत होते. दुमड एक इंच, हे आलं तेव्हा त्यांनी हात वर केला. हे लिहिणाऱ्याने पोरीचा स्कर्ट कधी उसवलेला नाही, असं त्यांचं मत पडलं. मी म्हणाले, पण कागद तर सरकारचा आहे.

"दर साली बदलतोय ना कागद?" मास्टर म्हणाले. "मग एक डाव आपल्या बाजूनंबी बदलू दे."

दुमड वाढवावी, ही शंका मी त्याच ओट्यावर लिहिली. मुलींच्या कळवळ्याने लिहिली, असं मी म्हणणार नाही. मला ते काम हवं होतं.

बैठकीला मास्टर माझ्यासोबत आले. सात-आठ पुरवठादार होते. मोठ्यांची माणसं लॅपटॉप उघडून बसलेली. अधिकारी बाई होत्या, त्यांनी माझी शंका वाचून दाखवली. एका मोठ्या कारखान्याचा माणूस हसून म्हणाला, की विनाकारण कापड जाईल आणि दर चढतील. बाईंनी मला कारण विचारलं. मी भाषण पाठ करून गेले होते. पण मास्टर उठले, पिशवीतून तो नापास स्कर्ट काढून टेबलावर ठेवला, लेबल अजून लटकतच होतं. ब्लेडने त्यांनी दुमड उसवायला घेतली.

दुमड होती तिथे बोट ठेवून ते म्हणाले, "हा या जूनचा, मॅडम." मग कापड तळहाताने खाली सपाट केलं. "आन् हा पुढच्या जूनचा."

बाईंनी स्कर्ट उलटा करून बघितला. एका नगाला किती कापड जास्त लागतं ते विचारलं, ते मी सांगितलं. आठवड्याभराने संकेतस्थळावर शुद्धिपत्रक आलं. दुमड किमान तीन इंच, म्हणजे आमची चार बोटं.

पेलेल तेवढंच घ्यायचं म्हणून आम्ही पेठ-सुरगाण्याच्या गटासाठीच दर भरला. मोठ्यांचे दर खरंच चढले. आमचा चढायचं कारण नव्हतं. ते कापड सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या दरात होतंच. काम आम्हाला मिळालं. मशिनींवरची कापडं निघाली. पॅकहाऊसला गेलेल्या बायकांपैकी दोघी सोडून सगळ्या परत आल्या. मास्टर सोमवारी येतात, शनिवारी मालेगावला जातात.

यंदा नवी निविदा मार्चऐवजी मे महिन्यात निघाली. त्यात तीन इंच आधीपासूनच छापलेले आहेत. आम्ही ती भरली आहे, आणि ते काम आम्हालाच मिळेल असं मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. काम चांगलं झाल्याचं पत्र घ्यायला मी जूनमध्ये सुरगाण्याकडच्या एका शाळेत गेले. निविदेला उशीर, म्हणून नवे गणवेश अजून कोणाकडेच आले नव्हते. मुली प्रार्थनेला उभ्या होत्या. सगळ्यांचे स्कर्ट गेल्या वर्षीचेच, धुऊन धुऊन विटलेले, आणि तरी गुडघ्याखाली नीट पुरलेले. खाली कडेला चार बोटं पट्टी नव्या कोऱ्या निळ्या रंगाची. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

मी तिथूनच मास्टरांना फोन लावला. सगळ्यांनी दुमड उसवली आहे, असं सांगितलं. ते म्हणाले, "खालची कड नीट शिवलीय का?"

मी वाकून बघितलं. बहुतेक ठिकाणी हाताचे टाके होते, लांब लांब, वाकडेतिकडे. तसं मी सांगितलं.

"आईनं घातले असतील," मास्टर म्हणाले. "राहू दे."