अर्धा गुंठा

पंखा फिरायला लागला की मीटर फिरायला लागतो, हे सोनियाला फ्लाइंग क्लबात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. विमान हवेत आहे की जमिनीवर, याच्याशी मीटरला देणंघेणं नाही. त्या सकाळी ती धावपट्टीच्या तोंडाशी अठरा मिनिटं नुसती उभी राहिली, कारण मुंबईहून येणारं प्रवासी विमान उशिरा उतरत होतं. ते विमान तिच्याच कंपनीचं. अकरा वर्षं ती त्याच कंपनीच्या काउंटरला बसून लोकांच्या बॅगांना पट्ट्या लावत होती.

"सर, ही अठरा मिनिटंपण माझ्या नावावर?"

"मग काय माझ्या?" शेजारी बसलेले कॅप्टन शंतनू म्हणाले. "आणि ऐका. एकोणतीस तास झाले तुमचे, भरलेले पैसे संपले. लायसनला चाळीस लागतात. म्हणजे अजून अकरा, वर परीक्षेची फी. दोन लाख धरून चला. आणि मध्ये खंड पाडू नका. हात विसरतो. मग विसरलेलं आठवायचे तास वेगळे."

"तेही माझ्याच नावावर."

"हुशार आहात."

बचत संपली होती, कानातलं-गळ्यातलं संपलं होतं. उरलं होतं एक गाव, फुलंब्री. वडील कडूबा, घरातले अण्णा, गेल्या साली गेले आणि रस्त्याला लागून असलेला वीस गुंठ्यांचा तुकडा मागे राहिला. थोरला भाऊ कृष्णा तो प्लॉटिंगवाल्याला विकायला निघाला होता, आणि सहा महिने बहिणीच्या हक्कसोडपत्रावरच्या सहीसाठी फोन करत होता. रीत ठरलेली. भाऊ साडी आणतो, बहीण सही करते, माहेर शाबूत राहतं. सोनिया रविवारी एसटीनं गेली.

"दादा, सही देते. दोन लाख दे मला."

कृष्णानं चहाची बशी खाली ठेवली. "कशाला?"

फ्लॅटचा हप्ता म्हणाली असती तर काम झालं असतं. खोटं तिला काउंटरवर रोज बोलावं लागायचं, विमान येतंय म्हणून. घरी तिनं खरं सांगितलं.

"विमान शिकतेय. अकरा तास राहिलेत."

"त्याच्यावर नोकरी लागती का?"

"नाय. त्याचं लायसन वेगळं, त्याला लई पैसे लागतात. हे खाजगी. आपलं आपण उडवायचं."

"विमान हाय का तुझ्याकडं?"

"भाड्यानं मिळतं."

"म्हंजे विमान भाड्याचं, काम बिनपगारी, आन् पैसे माझे."

"पैसे अण्णांच्या जमिनीचे."

"हे बघ सोने, ओटा बांधते म्हण, देतो. गळ्यात घालते म्हण, उद्या सराफ्यात नेतो. लग्न करते म्हण, मांडव दारात टाकतो. हवेत जाळायला एक रुपाया नाय."

आई, वच्छलाबाई, भिंतीला टेकून लसूण सोलत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बहिणीनं मागायचं नसतं, बाई. मी माझ्या भावाकडनं साडी घेतली आन् गप बसले. म्हणून माहेर राहिलं."

"किती वेळा गेलीस गं माहेरी?"

"बोलावलं तवा."

"शेवटचं कधी बोलावलं?"

"तुझ्या मामाच्या पोरीच्या लग्नात."

"तिची पोरं शाळेत जातात आता."

वच्छलाबाईनं पाकळ्या सुपात टाकल्या. शेवटी कृष्णानंच निकाल दिला, "मंगळवारी रजिस्ट्री ऑफिसात ये. पन्नास हजार आन् साडी. बाकीचं बघू."

त्याचं 'बाकीचं बघू' म्हणजे काय, हे सोनियाला लहानपणापासून ठाऊक होतं. पण पन्नास हजारांत तीन तास बसत होते, आणि हात विसरायची भीती मोठी होती. ती बरं म्हणाली.

मंगळवारी रजिस्ट्री ऑफिसच्या बाकावर ती, शेजारी आई, आणि साडीची पिशवी मांडीवर घेऊन कृष्णा. प्लॉटिंगवाले अभयशेठ दारात उभं राहून मोबाइलवर मोठ्यानं बोलत होते, जसं सगळे जमिनीवाले बोलतात. "रोडटच आहे भाई. चार लाखांनी पडला गुंठा. सस्तेमें मिला."

चार लाख. सोनियाचं डोकं आपोआप तासांत मोजायला लागलं. अकरा तास आणि परीक्षा म्हणजे अर्धा गुंठा. अर्धा गुंठा म्हणजे अण्णांच्या म्हशी बांधायची तेवढी जागा. तिघांत तिचा वाटा जवळजवळ सात गुंठ्यांचा, आणि ती तो तीन तासांवर द्यायला आली होती. वर रविवारी ओट्यावर बसून हात जोडल्यासारखं मागितलं होतं.

आत कारकुनानं दस्त वाचला. "नैसर्गिक प्रेमापोटी, विनामोबदला, राजीखुशीनं हक्क सोडून देत आहे. बरोबर?"

"प्रेमापोटी कुणी लिहिलं?"

"ठरलेला मजकूर असतो, ताई. सगळ्याच बहिणींचा तोच."

"आणि राजीखुशीनं?"

"ते मला विचारावं लागतं. आहात ना राजी?"

"नाही."

कारकुनानं मशीनवरचा हात काढला. "बाहेर बोलून घ्या. पुढचे कोण?"

बाहेर लिंबाखाली कृष्णाचा चेहरा पांढरा पडला होता. अभयशेठ शांत. "भांडा, पण आठ दिवसांत भांडा. ताईंची सही नसेल तर माझा इसार परत करा." इसाराच्या पैशांची कृष्णानं जीप घेतली होती, ती समोरच उभी होती, आरशाला हार घालून.

कृष्णानं बहिणीकडे पाठ केली. "आई, तिला म्हणावं, दोन लाख घे. आत्ता, रोख."

"आई, त्याला म्हणावं, दोनाचं रविवारी होतं. आता तिसरा वाटा. हक्कसोड नाय, खरेदीखतावर सही करते, आन् चेक माझ्या नावानं."

"आई, तिला म्हणावं, वैरीण निघालीस."

"मी काय पोस्टमन हाय का तुमची?" वच्छलाबाई म्हणाली, पण दोघांच्या मधून हलली नाही.

"तिला म्हणावं, चेक घेतला की हे घर संपलं. दिवाळी नाय, राखी नाय."

"त्याला म्हणावं, राखीला दरसाल मीच यायचे. एसटीचं भाडं वाचलं."

पुढच्या मंगळवारी खरेदीखत झालं. वच्छलाबाईनं अंगठा देऊन आपल्या वाट्याचा चेक कृष्णाच्या नावानं काढायला लावला, सोनियानं सही केली, चेक घेतला, दोनदा वाचला आणि पर्समध्ये ठेवून तिथूनच क्लबला फोन लावला. "सोमवारपासून रोज सकाळचं विमान माझ्या नावावर लावा. अकरा तास, सलग. हो, पैसे आले."

जीपशी उभ्या कृष्णानं ऐकलं. "आई, तिला म्हणावं, पडली-बिडली तर आमाला खबर द्यायची नाय."

"आई, त्याला म्हणावं, क्लबच्या फॉर्मवर रकाना असतो, अपघात झाला तर कुणाला कळवायचं. त्यात त्याचंच नाव होतं. काल जाऊन खोडलं."

आठ दिवसांत पहिल्यांदा कृष्णानं तिच्याकडे सरळ पाहिलं. "मग कुणाचं टाकलं?"

"आईचं."

"मला फोन लावता येत नाय," वच्छलाबाई म्हणाली. "उचलता बी येत नाय."

"शिकून घे."

"आन् आला तर काय ऐकायचं मी? पोरगी पडली म्हणून?"

"नाय आला तर समजायचं, वर हाय."

"लई शहाणी," म्हातारी म्हणाली. "बापावर गेलीस. त्यानं बी कधी कुणाचं ऐकलं नाय."

कृष्णानं हॉर्न दाबून धरला. वच्छलाबाई जीपकडे निघाली, अर्ध्यातून माघारी आली. तिनं कमरेची चंची उघडली, चुन्याची डबी बाजूला सारली.

"नंबर लिव्हून दे तुझा कागदावर. हिच्यात टाक. त्याच्या हातात नको देऊस."