गोदाक्काच्या मागं कोण बसलंय?

हसणार असाल तर आधी हातातला चहा संपवा, न्हाईतर नाकातून येईल. माझी फजिती सांगतो, आणि ती बी भर दुपारची!

माझं काम ओळखपत्रांचं. लॅपटॉप, कॅमेरा, ठशांचं मशीन घेऊन गावोगाव फिरायचं. बीदरला ट्रेनिंगमध्ये साहेबांनी घोटून घेतलं होतं: माणसाची माहिती दोन प्रकारची. पत्ता, फोन ही बदलणारी. बोटांचे ठसे, बुबुळं ही न बदलणारी. मी बी मान डोलावली.

त्या दिवशी राजेश्वर गावात गोदाक्का आली, सून सुमनचा हात धरून. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं, पण कार्डावरची माहिती जुनी म्हणून अडलेलं. बोटं लावली, तर खुरपून खुरपून ठसे पार झिजलेले. डोळे लावले, तर बुबुळावर साय. आणि पत्ता? लग्न होऊन आली तेव्हापासून तेच घर! साहेबांचं सगळं उलटंच झालं की हो.

राहिला चेहरा. ऊन येत होतं म्हणून मी खिडक्या लावल्या. पंचायतीची जुनी खोली, एकदम अंधारली. आमचा नवा कॅमेरा चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आखतो, शेजारी लिहितो, बाई का पुरुष, वय अंदाजे किती.

चौकट आली. बाई, साठ.

मग दुसरी आली. अक्काच्या खांद्यामागं. पुरुष, पासष्ट.

मी मान वर केली. तिच्या मागं कोणी न्हवतं, नुसतं दप्तराचं कपाट. सुमन तर माझ्या पाठीशी, दारात उभी. पुन्हा स्क्रीन बघितली. निळसर तोंड. खाली धडच न्हाई!

"अक्का," मी हळूच विचारलं, "घरात अलीकडं कोणी...?"

"मालक गेले की रं लेकरा, गेल्या उन्हाळ्यात."

"वय?"

"पासष्ट तरी असंल. कामून?"

अंगावर सर्रकन काटा आला. मी स्क्रीनकडं बोट दाखवलं, तशी सुमन दारातूनच किंचाळली, "अगं बाई! मामंजी आले का काय?"

अक्का मात्र घाबरली न्हाई. तिनं पदर सारखा केला आणि खुर्चीत एका अंगाला सरकून शेजारी जागा केली.

"आले व्हय? मला एकटीला फोटो काढू देतच नव्हते कधी."

हे ऐकलं आणि मी टेबलाखाली!

"सुमन, गेले का बघ!"

"गेले, दादा!"

मी डोकं वर काढलं.

"आले, दादा!"

पुन्हा खाली.

"गेले!"

हा मेला माझ्याशी लपंडाव खेळायलाय का काय? शेवटी उठलो, हात जोडले. "मालक, तुमचं काय राहिलंय ते सांगा, करतो. पर मला सोडा."

स्क्रीनवर त्यानं बी हात जोडले.

सुमन पुढं आली. आधी स्क्रीनकडं बघितलं, मग कपाटाकडं, मग माझ्याकडं.

"दादा, कपाटाला काच हाय. तुमीच दिसायलाव."

लॅपटॉपचा निळा उजेड माझ्याच तोंडावर हो! मागं पांढरा पडदा लावायचा असा नियमच हाय. तो मी प्रिंटरला गुंडाळून मोटारसायकलवर आणला आणि तसाच ठेवला होता. आता तो लावला. फोटो झटक्यात निघाला, अक्काचं काम झालं. मशीननं मला पासष्टचा केला ते सोडा, मी बेचाळीसचा हाय!

पण अक्का अजून तशीच, एका अंगाला. मला लई वाईट वाटलं. जवळ जाऊन म्हटलं, "अक्का, माफ करा. ते मालक न्हवते. मीच व्हतो."

तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, डोळे बारीक करून निरखून बघितलं.

"व्हय, मला वाटलंच," ती म्हणाली. "आमचे मालक मेल्यावर बी तुझ्यापेक्षा बरे दिसत व्हते."