दादांचं पडद्यावरचं चालणं

आम्ही वळसंग सोडलं तो गुरुवार होता. आईनं उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ट्रंक खांद्यावर घेतली. मल्लूकाका आमच्या मागून एसटीच्या थांब्यापर्यंत आले. दादा पुढे चालत होते आणि मागे वळून बघत होते. एसटी आली. आम्ही बसलो.

मी सहा वर्षांची होते. दादा घराकडे वळून बघतात, असंच मला तेव्हा वाटलं होतं, आणि पुढे साठ वर्षं वाटत राहिलं.

त्याआधी सोलापूरच्या गिरणीत नोकरी करताना दादा कामगारांच्या नाटकांतून विनोदी कामं करायचे. एका दिग्दर्शकानं ती पाहिली आणि त्यांना कोल्हापूरला बोलावलं. तिथे आम्ही एका खोलीत राहिलो. वळसंगच्या घरी शेजारीण हाक न मारता चुलीपर्यंत यायची. इथे मी दार वाजवायला शिकले. घरात शूटिंग, शॉट, रीटेक असे शब्द आले. आईला ते बरीच वर्षं परक्या भांड्यांसारखे जपून उचलावे लागले.

पहिल्या चित्रपटात दादांना गड्याचं काम होतं. चहाचा ट्रे घेऊन पडवी ओलांडायची, एवढंच. कॅमेऱ्यासमोर ते ताठरले. रीटेकवर रीटेक झाले. दिग्दर्शक वैतागून म्हणाले, "अहो, माणसासारखं चाला की!" तेव्हा दादांच्या पायांत जे आलं ते मल्लूकाकांचं चालणं होतं. काका त्यांचे धाकटे भाऊ. लहानपणी बैलगाडीचं चाक त्यांच्या पायावरून गेलं होतं; तेव्हापासून ते एक पाय ओढत, प्रत्येक पावलाला खांदा उडवत चालायचे. दादा तसे चालले, कपबशा वाजल्या, पण पडल्या नाहीत. सगळं युनिट हसलं. दिग्दर्शक म्हणाले, "हेच ठेवा."

ते तीस वर्षं राहिलं. दादा हवालदार झाले, आचारी झाले, मुनीम झाले, नायिकेचे मामा झाले. निर्माते निरोप पाठवायचे, "येताना ते चालणं घेऊन या." उतारवयात एकदा त्यांना गंभीर काम मिळालं, मुलगा गमावलेल्या बापाचं. दादांनी विचारलं, "इथे सरळ चालू का?" उत्तर मिळालं, "मग लोक तुम्हाला ओळखणार कसे?" त्या मेलेल्या मुलाच्या अंगणातही ते पाय ओढत गेले, आणि थिएटरात लोक हसले.

पहिला चित्रपट जत्रेत तंबूच्या थिएटरात वळसंगला पोचला. गावचा माणूस पडद्यावर, म्हणून तंबूवाल्यानं तेवढा भाग रीळ मागे फिरवून पुन्हा दाखवला. अंधारात कुणीतरी ओरडलं, "अरं, ह्यो तर आपला मल्लू!" काका तंबूत नव्हते. त्यांना ते दुसऱ्या दिवशी रस्त्यात कळलं. पोरं त्यांच्यामागून पाय ओढत, खांदा उडवत चालत होती. काकांनी आठवड्याच्या बाजाराला जाणं सोडलं आणि दादांना एक पोस्टकार्ड पाठवलं. "अण्णा, तू तिकडं चालतोस, आणि हसणं हितं माझ्यामागं लागतंय." पुढे कुठलंच पत्र आलं नाही. दादांनी लिहिली, तीही अनुत्तरित राहिली. गावाला गेलं की काका मळ्यात निघून जायचे.

ते पोस्टकार्ड दादा मेकअपच्या पेटीत, आरशाच्या मागे ठेवायचे. घरात ते कधी तसे चालले नाहीत. शेवटच्या आजारात एवढंच म्हणाले, "मल्लूचं उसनं घेतलं, विचारलं न्हाय."

त्यांचे दिवस झाल्यावर मी पुण्याहून वळसंगला गेले. मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली. कुणाकडून परत काय मागायचं हे मला कळतं, क्षमा कशी मागायची ते कळत नव्हतं. काका बाजेवर बसले होते. मी पोस्टकार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. "ठेवलंवतं व्हय त्यानं?"

मग मी विचारलं, "काका, त्यांचं काम बघणार? फोनवर आहे."

"लाव की. आता कुणावर रुसू?"

त्यांनी ते कधीच पाहिलं नव्हतं. फोन डोळ्यांजवळ धरून त्यांनी तो गडी पडवी ओलांडताना पाहिला. "पुन्ना लाव." मी लावलं. तिसऱ्यांदा त्यांनीच बोट लावलं.

"पाय चुकलाय की ह्याचा."

"म्हणजे?"

"माझा डावा हाय. ह्यो उजवा वडतोय."

दादांचे सगळे चित्रपट मी पाहिले होते. पाय कुठला, हे पाहिलं नव्हतं.

काकांनी फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "शाळेला जाताना अण्णा पुढं असायचा. माझ्याकडं तोंड करून उलटा चालायचा, मी मागं ऱ्हाऊ नये म्हणून. लई येळा आपटलाय येडा. समोरच्याचा डावा आपल्याला उजव्या अंगाला दिसतो की न्हाय? तसंच बसलं त्याच्या अंगात." त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "मला चिडवणारी समदी मागनं चालायची, पोरी. मागनं शिकला असता तर पाय बरोबर आला असता."

हे दादांना ऐकायला मिळालं नाही. तीस वर्षं ज्याची टोचणी घेऊन ते चालले, ते त्यांनी भावाला मागे सोडायचं नाही म्हणून शिकलेलं होतं. आणि वळसंग सोडताना ते घराकडे बघत नव्हते.

तुमच्यापैकी जे गावाबाहेर पडले, त्यांच्याकडे परतायला निदान एखादी खोली असेल. आमची वळसंगची खोली पडली. तिथे आता काकांच्या मुलाचा ट्रॅक्टर उभा असतो. दादा नाहीत, आई नाही. पोस्टकार्ड काकांनी ठेवून घेतलं.

मी निघाले तेव्हा काका काठी घेऊन उठले. थांब्यापर्यंत आले. मी त्यांच्या शेजारून चालले. वळसंगात माझं आता तेवढंच आहे, काका आणि थांब्यापर्यंतचा रस्ता.