पुढची सीट

जव्हार-खोडाळा जीप चालवणारा हा माणूस येशूला मानायला लागला. देव बदलला, गाडीचे ब्रेक मात्र तेच राहिले. कोणी आडवं आलं की तो अजूनही ओरडतो, "तुझ्या आयला..." मग जीभ आवरून पुरं करतो, "...प्रभू सुखी ठेवो!"

त्याच्या शेजारची सीट माझी, शाळामास्तरचा मान म्हणून. परवा वाटेत त्याच्या चुलतभावानं हात केला. बांधाच्या भांडणात याच भावानं, नागलीच्या रोपांसाठी वाफ्यावर जाळायला रचलेला ड्रायव्हरचा राबाचा पाला वेळेच्या महिनाभर आधीच पेटवला होता. खत व्हायची सगळी राख वाऱ्यावर गेली. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. मला वाटलं, आता हा जीप त्याच्या अंगावर घालणार. जीप थांबली.

"गुरुजी, तुम्ही मागं बसा. त्याचे गुडघे दुखतात."

"अरे, त्यानं तुझा राब जाळला!"

"जाळला ना. मी माफ केला. आता झोप लागते."

मी मागे कोंबड्यांच्या पाटीशेजारी दुमडून बसलो. पुढे ड्रायव्हर मजेत शीळ घालत होता. खोडाळ्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला मी त्याला मनातल्या मनात शिवी दिली. अर्धी नाही, पूर्ण.