उडती खुर्ची आणि मागच्या खोलीतलं अंथरूण

सोमवार, ९ ऑक्टोबर १९८९. सकाळभर धुकं. खेळाचं यंत्र पुन्हा पुढे ढकललं. आता नाताळ म्हणतात. दुपारी निळं कापड संपलं. परसातला कोबी चांगला निघाला. येस्टिनच्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवली.

मॉरविद पास्कोने शाई टिपून वही मिटली. दिवस लिहिल्याशिवाय झोपायचं नाही, ही मठशाळेतल्या सिस्टरांनी लावलेली सवय. नवरा गेला, खाण बंद पडली, सवय मात्र सुटली नाही.

खाणीनंतर वेल्समधल्या त्या अरुंद दरीत एक कारखाना उरला होता. संगणकावरच्या खेळांच्या जॉयस्टिक बनवता बनवता त्याने स्वतःचंच यंत्र काढायचं मनावर घेतलं. त्या यंत्राचं गाडीसारखं चाक फिरवून बसवलं की मोटरसायकलचं हँडल होई, पुन्हा फिरवलं की विमानाचा दांडा. शिवाय सोबत खुर्ची. पडद्यावरचं विमान कलेल तशी ती कले, वर जाई, खाली येई. त्या खुर्चीच्या गादीची खोळ मॉरविद शिवायची.

खुर्च्यांचं खातं सुरू झालं की तुमच्या मुलाला घेतो, असा शब्द मुकादम हेडनने तिला दिला होता. एकुलता येस्टिन खाण सुटल्यापासून लंडनजवळ गोदामात पेट्या उचलत होता.

कुणी झोपत नसलेलं अंथरूण ओल धरतं, हे दरीतल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही. यंत्राची नवी तारीख आली की, आता येस्टिन परत येणार म्हणून, मॉरविद त्याच्या घोंगड्या दोरीवर टाकी. गल्लीला वर्तमानपत्राआधी बातमी तिथेच कळे.

"काय गं, घोंगड्या बाहेर?" शेजारची दिल्वेन भिंतीवरून म्हणाली. "आता कुठली तारीख?"

"नाताळ."

"कुठल्या सालचा?"

"तू आधी तुझं तोंड वाळत घाल बाई, फार ओलं झालंय."

दोघी हसल्या. पण घोंगड्या वाळेनात. धुक्यात त्या जड, ओल्या, कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारख्या लोंबत राहिल्या.

नाताळ आला आणि गेला. पैसे लावणारे एकेक करून मागे सरले. मार्चमधल्या एका दुपारी हेडन शिलाईच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हातातली टोपी नुसती फिरवत होता.

"आंटी, संपलं."

"पुढे ढकललं म्हण."

"नाही, आंटी. या खेपेला तारीखच नाही."

मॉरविदने अर्धी खोळ पुरी शिवली, दोरा तोडला. मग विचारलं, "ती खुर्ची चालते तरी का रे?"

"तुम्ही बसलाच नाहीत कधी?"

"बसायचा पगार कोण देणार होतं?"

त्याने तिला बसवलं, बटण दाबलं. खुर्ची अंग झाडून हळूच डावीकडे कलली. पडद्यावर निळं आभाळ उघडलं आणि मॉरविदचे पाय जमिनीवरून सुटले. ती कारखान्याच्या छपरावरून गेली. खालून दरी वाहत होती, खाणीतल्या टाकाऊ दगडमातीच्या टेकड्यांवर गवत आलेलं, दोरीवर बाहेर राहिलेल्या दोन घोंगड्या. खाणीचं चाक पुन्हा जागेवर उभं होतं आणि सावकाश फिरत होतं. पलीकडे लंडनचे दिवे. इतकं जवळ होतं ते सगळं! दांडा जरा दाबला की पोचलीच. वाटेत मेंढ्या मान वर करून बघत होत्या.

"उतरा आंटी. वीज बंद करायचीय."

जमीन फार थंड लागली.

परतताना ती कोपऱ्यावरच्या सार्वजनिक फोनच्या बूथमध्ये शिरली आणि तिने गोदामात फोन लावला. येस्टिन सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "आई, मला नाताळातच अंदाज आला होता. तुझ्या घोंगड्यांपायी बोललो नाही. मी आता इथलाच झालोय गं."

पलीकडे गोदामाची गाडी मागे येत असल्याचा आवाज झाला.

"तूच ये ना थोडे दिवस. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे."

"रिकामी? मग तिथलं अंथरूण ओलं असणार."

"ते मी गरम करून ठेवीन. कसं करायचं ते पाहिलंय मी, आई."

तिने हुंकार दिला तेवढा. नाणं संपलं.

त्या संध्याकाळी तिने लिहिलं: मागच्या खोलीतलं अंथरूण काढलं. पिशवी आज माझ्या पायाशी घेतली. झाकणाचं रबर झिजलंय, जरा गळते. नवं आणायला हवं.